सबमिट केलेला पेपर मागे घेतला: एका जर्नलच्या विथड्रॉवल सर्व्हिसचा रिव्ह्यू, ५ पैकी ३ स्टार

जर्नलबद्दल लोक लिहितात ते बहुतेक वेळा पेपर किती दिवसांत ॲक्सेप्ट झाला, रिव्ह्यूअर कसे भेटले, प्रूफ कधी आलं याबद्दल असतं. मी लिहितेय ते दिलेला पेपर परत मागितल्यावर हे लोक कसे वागले त्याबद्दल, कारण असं कुणी लिहिलेलं मला शोधूनही सापडलं नाही आणि त्या १९ दिवसांत मला ते फार हवं होतं. जर्नलचं नाव देत नाहीये. पिअर रिव्ह्यू असलेलं, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून पेपर तपासून मगच छापणारं, नीट चाललेलं जर्नल आहे, बोगस वगैरे अजिबात नाही, आणि विथड्रॉवलचे नियम थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी असेच असतात त्यामुळे नाव नसलं तरी उपयोग होईल.

आधी काय झालं ते सांगते. पेपर सबमिट करून सात आठवडे झाले होते, सिस्टिममध्ये रोज 'अंडर रिव्ह्यू' दिसत होतं. एका संध्याकाळी माझी पीएचडीची विद्यार्थिनी लॅबची वही घेऊन टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली मॅडम, नमुना ३७ बघा. वहीत तिच्याच अक्षरात ४.१ लिहिलेलं आणि पेपरसोबत पाठवलेल्या शीटमध्ये ६.८. मग ३८ बघितला, तोही चुकलेला, मग ३९. झालं असं होतं की दोन फाइली एकत्र करताना नमुना नंबरचा कॉलम सॉर्ट केला गेला आणि रीडिंगचा कॉलम सिलेक्टच झाला नव्हता, म्हणजे नंबर हलले आणि रीडिंग जागच्या जागी राहिली, २१४ ओळी, प्रत्येक ओळीत दुसऱ्याच नमुन्याचं रीडिंग. ती काही बोलेना, नुसती वहीकडे बघत होती. रात्री बसून दोघींनी वहीवरून सगळं परत भरलं आणि ग्राफ काढला तर जो फरक आम्ही ठळक म्हणून लिहिला होता तो जवळपास निम्म्यावर आला. चुकीचा पेपर रिव्ह्यूअरच्या टेबलावर पडलाय आणि आपल्याला ते माहीत आहे, ही भावना फार वाईट असते, पोटात गोळा येतो. त्या रात्रीच ठरवलं की मागे घ्यायचा.

आता सर्व्हिसकडे येते. पहिला प्रश्न, नियम सापडतो का. सापडला, पण 'ऑथर्ससाठी सूचना' या पानावर नाही, तिथून 'पब्लिकेशन एथिक्स'वर जायचं आणि तिथे खाली डुप्लिकेट सबमिशनच्या परिच्छेदानंतर पाच वाक्यं. करस्पाँडिंग ऑथरने, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या ऑथरने, कारणासह लेखी विनंती करायची, सगळ्या ऑथर्सच्या सह्या हव्यात, एडिटोरियल ऑफिसने लेखी कन्फर्म करेपर्यंत पेपर जर्नलच्याच विचाराधीन समजला जाईल, ॲक्सेप्ट झाल्यावर मागे घेतला तर प्रोसेसिंगचा खर्च मागितला जाऊ शकतो, आणि ऑनलाइन आल्यावर विथड्रॉवल नाही, तिथून पुढे फक्त रिट्रॅक्शन, म्हणजे छापलेला पेपर जाहीरपणे रद्द करणं. एवढंच. नियम स्वच्छ आहे, भाषा धमकीची नाही, याचे मार्क देते. पण किती दिवसांत उत्तर देणार याबद्दल एक अक्षर नाही, आणि पुढचा सगळा त्रास या एका न लिहिलेल्या वाक्यातून झाला.

सिस्टिममध्ये विथड्रॉचं बटण नाही. म्हणजे सबमिशन अर्धवट असेल, अजून 'सबमिट' दाबलेलं नसेल, तर तुम्ही स्वतः डिलीट करू शकता, ते बऱ्याच सिस्टिममध्ये चालतं. एकदा पीडीएफ अप्रूव्ह करून पाठवलं की पेपर तुमच्या हातातून गेला, मग ऑफिसला मेल करायचा आणि वाट बघायची. काही जर्नलच्या सिस्टिममध्ये ऑथरला विनंतीची लिंक असते पण तिथेही शेवटचा निर्णय ऑफिसच घेतं, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं, कारण एका ऑथरने रागाच्या भरात बटण दाबलं आणि बाकी तिघांना पत्ताच नाही असं व्हायला नको.

मेल केला त्याच रात्री. मॅन्युस्क्रिप्ट नंबर, शीर्षक, सगळ्या ऑथर्सची नावं, काय चुकलं ते तीन वाक्यांत सरळ. आमच्यातल्या एकाने सुचवलं होतं की 'काही वैयक्तिक कारणांमुळे' असं लिहू, चूक कशाला सांगायची. मी नाही म्हटलं. एक तर खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे कारण गुळमुळीत लिहिलं की एडिटरला पहिला संशय हाच येतो की यांचा पेपर दुसरीकडे ॲक्सेप्ट झालाय म्हणून इथून काढतायत. तो संशय त्यांना येतो तेही उगाच नाही, तसं करणारे लोक आहेत. दोन जर्नलला एकाच वेळी पाठवायचं आणि जिथे आधी होईल तिथे ठेवून दुसरीकडून काढून घ्यायचं. एकच मॅन्युस्क्रिप्ट एकाच वेळी एकाहून जास्त जर्नलला देऊ नये हे आयसीएमजेई म्हणजे मेडिकल जर्नलच्या एडिटरांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, १९७८ सालापासूनची, तिच्या शिफारशींत स्पष्ट आहे आणि मेडिकलबाहेरची जर्नल्सही हाच नियम धरून चालतात.

उत्तर आलं, लगेच, पण ते ऑटोमॅटिक. 'तुमचा मेल मिळाला'. मग चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी फॉर्म आला, सगळ्यांच्या सह्या करून स्कॅन पाठवा, टाइप केलेली नावं किंवा मेलवरची संमती चालणार नाही.

या फॉर्मवर मी जरा सविस्तर बोलणार आहे. सह्यांची अट मला तत्त्वतः पटते. पेपर चौघांचा आहे तर मागे घेण्याचा निर्णयही चौघांचा असला पाहिजे, आणि को-ऑथर लोकांत भांडण झाल्यावर एकाने परस्पर पेपर काढून घ्यायचा हे होतं, त्यात सगळ्यात जास्त नुकसान विद्यार्थ्यांचं होतं कारण त्यांची वर्षं त्यात गेलेली असतात. पण आमच्या चारातला एकजण संस्था सोडून गेला होता, सबमिशनच्या वेळी दिलेला त्याचा मेल बंद पडलेला, नवीन मेल मिळाला तर तो फील्डवर होता जिथे ना प्रिंटर ना स्कॅनर. त्याने मेलवर दोन ओळींत संमती दिली होती, स्वतःच्या ऑर्किड आयडीसकट, म्हणजे संशोधकाच्या ओळख नंबरासकट. ऑफिसने ती घेतली नाही. शेवटी त्याने कागदावर सही करून फोनवर फोटो काढला, तो फोटो तिरका आला म्हणून परत मागितला. सबमिट करताना को-ऑथरची खात्री हे लोक काय करून करतात तर मेलवर एक लिंक पाठवून, त्यावर क्लिक केलं की झालं. आत यायला क्लिक पुरतो मग बाहेर पडायला शाईची सही कशाला, हे मी त्यांना नम्रपणे विचारलं, उत्तर आलं नाही. यासाठी एक स्टार पूर्ण कापते.

आणि मग बाराव्या दिवशी जे आलं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. डिसिजन लेटर. मायनर रिव्हिजन, म्हणजे किरकोळ दुरुस्त्या करून पाठवा. दोन रिव्ह्यूअर, दोघांनाही पेपर आवडलेला, एकाने तर निकालाचं कौतुक केलेलं, ज्या फरकाचं कौतुक केलं होतं तोच फरक जो आता निम्मा झाला होता. म्हणजे ऑफिसमध्ये आमचा विथड्रॉवलचा मेल एका टेबलावर आणि पेपर दुसऱ्या टेबलावर, दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. विनंती आल्याक्षणी रिव्ह्यू थांबवायला हवा होता, निदान रिव्ह्यूअरना कळवायला हवं होतं. दोन माणसांनी आपला वेळ काढून, एक पैसा न घेता, जो पेपर मागे घेतला जातोय तो वाचला.

आमच्याकडे त्या संध्याकाळी मोठी चर्चा झाली. माझे सहकारी सर, त्यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, ते म्हणाले की आता मागे कशाला घ्यायचा, रिव्हिजनमध्ये डेटा दुरुस्त करून टाकू, एडिटरला पत्रात सांगू, मायनर रिव्हिजन हातात आहे. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. चूक किरकोळ असती, म्हणजे टेबलमधला एखादा आकडा, एखादं लेबल, तर मीही तेच केलं असतं, रिव्हिजन त्यासाठीच असते. पण इथे निष्कर्ष बदलला होता. रिव्ह्यूअरनी ज्या पेपरला हो म्हटलं तो पेपर आता राहिलाच नव्हता, त्यांची ती संमती आम्ही दुसऱ्या पेपरला चिकटवून छापून घेणार होतो. विद्यार्थिनी तेव्हा पहिल्यांदा बोलली, म्हणाली सर मला थिसिसच्या वेळी कुणी विचारलं तर मी काय सांगू. विषय तिथे संपला. सरांनीच मग एडिटरना थेट पत्र लिहायला मदत केली.

थेट म्हणजे ऑफिसच्या सामायिक मेलवर नाही, ज्या हँडलिंग एडिटरच्या, म्हणजे आमचा पेपर सांभाळणाऱ्या संपादकाच्या, नावाने डिसिजन आला होता त्यांना, आणि मुख्य संपादकांना सीसी. आणि इथून पुढे सर्व्हिस एकदम बदलली. दुसऱ्या दिवशी मुख्य संपादकांचं स्वतः लिहिलेलं उत्तर. विनंती आधी आली होती आणि ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही याबद्दल स्पष्ट माफी मागितली. डिसिजन रद्द करतो म्हणाले. चूक स्वतःहून सांगितल्याबद्दल आभार मानले आणि पुढे लिहिलं की दुरुस्त केलेला पेपर नवीन सबमिशन म्हणून पाठवू शकता, कव्हर लेटरमध्ये जुना नंबर द्या, त्याच रिव्ह्यूअरना विचारून बघू. ते पत्र मी विद्यार्थिनीला वाचून दाखवलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, दोन आठवडे ती नीट जेवत नव्हती. त्या पत्रासाठी कापलेल्या स्टारांपैकी एक परत देते.

फायनल कन्फर्मेशन एकोणिसाव्या दिवशी आलं. ते चांगलं होतं आणि ते कसं असावं हे सांगायलाच हवं, कारण लोक इथे फसतात. विनंती पाठवली म्हणजे पेपर सुटला असं नसतं. जर्नलकडून लेखी यावं लागतं, त्यात मॅन्युस्क्रिप्ट नंबर, पूर्ण शीर्षक, तारीख, हा पेपर आता आमच्याकडे विचाराधीन नाही असं वाक्य, आणि पाठवणाऱ्याचं नाव-पद. सिस्टिममध्ये स्टेटसही 'विथड्रॉन' झालेलं दिसलं पाहिजे, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हे हातात येण्याआधी पेपर दुसरीकडे पाठवला तर ते डुप्लिकेट सबमिशनच धरलं जातं, तुमचा हेतू कितीही चांगला असो. आणि हे लपत नाही, विषय छोटा असला की दोन्ही जर्नल तोच रिव्ह्यूअर शोधून काढतात, माझ्याकडे स्वतःकडे एकदा असा पेपर दोन बाजूंनी आलाय, मी दोन्ही एडिटरना कळवलं.

रिव्ह्यूअरच्या बाजूने एक सांगते, कारण विथड्रॉवलचं बोलताना त्यांची आठवण कुणाला होत नाही. एकदा एका लांबलचक पेपरवर मी दोन सुट्टीचे दिवस घालवले, त्यातली समीकरणं हाताने सोडवून बघितली, चौथ्या समीकरणात चिन्ह चुकलं होतं ते शोधलं, रिपोर्ट पाठवला. डिसिजन ऑथरकडे गेला आणि आठवड्याभरात मला मेल, ऑथरने मॅन्युस्क्रिप्ट विथड्रॉ केलंय. सहा महिन्यांनी तोच पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला, चिन्ह दुरुस्त केलेलं. वाईट वाटलं. मला श्रेय नको होतं. पण रिपोर्ट फुकट घेऊन तो वर चढायची शिडी म्हणून वापरला गेला हे खटकलं. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करायला सांगणारा निर्णय, आली आणि ती करायची नाही असा प्रामाणिक निर्णय झाला तर विथड्रॉ करणं पूर्ण योग्य आहे, तो ऑथरचा हक्कच आहे, फक्त एडिटरला तसं लिहा आणि रिव्ह्यूअरचे आभार माना, दोन ओळी लागतात.

आता ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी, पेपर कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर सगळं ठरतं. एडिटरच्या टेबलावरच असेल, रिव्ह्यूला गेला नसेल, तर मागे घेणं सगळ्यात सोपं. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जर्नलमधून असा पेपर काढला होता, चुकीच्या विषयाच्या जर्नलला गेला हे लक्षात आल्यावर, सकाळी मेल, दुपारी चार ओळींचं कन्फर्मेशन, कसलाही फॉर्म नाही. तीच माझी आजवरची सगळ्यात चांगली विथड्रॉवल सर्व्हिस. रिव्ह्यू चालू असताना मागाल तर कारण नीट द्यावं लागतं. ॲक्सेप्ट झाल्यावर कठीण, कारण तोवर तुम्ही कॉपीराइटचा किंवा लायसन्सचा फॉर्म सही करून दिलेला असू शकतो, कॉपीएडिटिंग सुरू झालेलं असतं, तेव्हा प्रकाशकाची परवानगी लागते आणि काही जण खर्च मागतात.

ऑनलाइन आल्यावर मात्र ऑथरच्या हातात काही राहत नाही. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख नंबर, एकदा रजिस्टर झाला की तो कायमचा, हे नंबर नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडून तो पुसता येत नाही, पानावर फक्त नोटीस लावता येते. एल्सव्हिअरसारख्या प्रकाशकाच्या पॉलिसीत 'आर्टिकल इन प्रेस' म्हणून एक मधला टप्पा आहे, म्हणजे ॲक्सेप्ट होऊन ऑनलाइन दिसतोय पण अंकात गेलेला नाही, तिथे मोठी चूक निघाली किंवा पेपर चुकून दोनदा सबमिट झालेला निघाला तर तो विथड्रॉ करता येतो, पीडीएफच्या जागी नोटीस येते. त्यापुढे रिट्रॅक्शन. प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीच ऑनलाइन खुला ठेवलेला पेपर, टाकला असेल तर तोही लक्षात ठेवा, आरकाइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवर जाहीर झालेला पेपर विथड्रॉ केला तरी जुनी व्हर्जन्स तिथेच राहतात, वर फक्त विथड्रॉन अशी नवीन व्हर्जन चढते. आमचा प्रीप्रिंट नव्हता, सुटलो.

विथड्रॉवल आणि रिट्रॅक्शन यात लोक फार गोंधळ करतात, आणि विथड्रॉ करायला घाबरतात त्याचं कारणही हाच गोंधळ. छापण्याआधी शांतपणे मागे घेतलेल्या पेपरची जाहीर नोंद सहसा कुठेच होत नाही, तुमच्या नावावर काही लागत नाही. रिट्रॅक्शन जाहीर असतं, कायमचं असतं, रिट्रॅक्शन वॉच ही साइट २०१० पासून त्याच्यावर लक्ष ठेवून आहे आणि त्यांचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफने सगळ्यांना खुला केलाय. द लॅन्सेटमधला १९९८ चा एमएमआर लस आणि ऑटिझमवाला पेपर रिट्रॅक्ट व्हायला १२ वर्षं लागली, २०१० मध्ये झाला, आणि मधल्या काळात लोकांनी मुलांना लस द्यायचं टाळलं. त्याच जर्नलमध्ये २२ मे २०२० ला कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याबद्दलचा पेपर आला आणि ४ जूनला रिट्रॅक्ट झाला, चार ऑथर्सपैकी तिघांनीच मागणी केली होती कारण मूळ डेटा स्वतंत्र तपासणीसाठी मिळाला नाही. तिघांच्या शब्दावर छापून आलेला पेपर रद्द होऊ शकतो, आणि आमच्या न छापलेल्या पेपरला चौथी सही तिरकी आली म्हणून पाच दिवस थांबवलं. माझा राग आहे तो इथे आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी नाहीतर या जर्नलवर अन्याय होईल. माझ्या ओळखीतल्या एका नवीन संशोधकाने मेलवर आलेल्या आमंत्रणावरून एका जर्नलला पेपर दिला, चार दिवसांत ॲक्सेप्ट, रिव्ह्यू म्हणून एक ओळ, सोबत बिल. तिला शंका आली, तिने मागे घेतो म्हणून लिहिलं, तर विथड्रॉवलची फी मागितली, नाही दिली तर ताकास तूर लावेनात, आणि महिन्याभराने पेपर त्यांच्या साइटवर टाकून मोकळे. आता तो पेपर तिला दुसरीकडे देता येईना. हा धंदा किती मोठा आहे ते बघायचं तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओमिक्स या जर्नल छापणाऱ्या कंपनीवर २०१६ मध्ये जी केस केली ती वाचा, त्यात हीच तक्रार होती की लोकांनी पेपर मागे मागितला तर देत नाहीत आणि मग तो दुसरीकडे छापता येत नाही. २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी १ लाख डॉलर भरायचा आदेश दिला. म्हणून मी आता विद्यार्थ्यांना सांगते की सबमिट करायच्या आधी त्या जर्नलचं विथड्रॉवलचं पान उघडून वाचा. ॲक्सेप्ट करायला सगळेच गोड बोलतात. तिथे सबमिट केल्या क्षणापासून दंड लिहिलेला असेल तर पाठवू नका. नियमच नसेल तर आधी मेल करून विचारा आणि उत्तर यायला किती दिवस लागतात तेही बघा.

ऑफिसने घोंगडं भिजत ठेवलं तर काय करायचं तेही लिहिते, मला ते नवव्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं. सामायिक मेलवर आठवण करून देत बसू नका, आठवड्यानंतर सरळ हँडलिंग एडिटर, मग मुख्य संपादक, मग प्रकाशकाचा एथिक्स किंवा इंटिग्रिटी विभाग. जर्नल कोप म्हणजे कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्सचं सभासद असेल तर तिथेही तक्रार करता येते, पण ते आधी विचारतात की जर्नलची आणि प्रकाशकाची स्वतःची तक्रार प्रक्रिया पूर्ण केली का, त्यामुळे प्रत्येक मेल तारखेसकट जपून ठेवा. सभासद आहे की नाही ते कोपच्या साइटवर शोधा, जर्नलच्या पानावरच्या लोगोवर जाऊ नका, लोगो कुणीही चिकटवतो.

स्टारांचा हिशेब असा. नियम स्वच्छ लिहिलाय आणि रिव्ह्यूच्या टप्प्यावर फी नाही, मुख्य संपादक माणूस म्हणून वागले, कन्फर्मेशन लेटर नीट, याचे तीन. सह्यांच्या फॉर्मचा एक गेला. विनंती आल्यावरही रिव्ह्यू चालू ठेवून डिसिजन पाठवला त्याचा एक गेला, तो त्यांनी माफी मागून परत मिळवला होता, पण १९ दिवस लागले त्यात पुन्हा गेला.

दुरुस्त केलेला पेपर आम्ही गेल्या आठवड्यात त्याच जर्नलला पाठवलाय. शीर्षकातला 'लक्षणीय' शब्द काढला, २१४ ओळींची शीट दोघींनी वेगवेगळी बसून वहीशी ताडून बघितली, आणि कव्हर लेटरच्या पहिल्याच वाक्यात जुना मॅन्युस्क्रिप्ट नंबर आणि मागे का घेतला ते लिहिलंय. सह्यांचा फॉर्म बदलायचा विचार चालू आहे असं ऑफिसने कळवलंय, बदलला की इथे अपडेट करेन.